कुंकू लागलेलं मत

"उल्का, तुम्ही लोक पाकिटाला लाल पावडर लावता का?"

फोनवर मार्लीन होती. आमच्या काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडचा जिल्हा समजा, निवडणूक कचेरीतली मुख्य कारकून. माझ्या औषधांच्या दुकानातून ती थायरॉइडच्या गोळ्या न्यायची आणि जाताना गावभरच्या बातम्या देऊन जायची. एरवी तिचा आवाज खणखणीत. त्या दिवशी मात्र तोंडावर हात धरून बोलत असावी.

"कसली पावडर?" मी विचारलं.

"लाल. तिच्याखाली पिवळी. मतपत्रिकेच्या पाकिटावर. सकाळपासून अख्खा हॉल रिकामा करून बसलोय आम्ही. शेरीफची माणसं प्लॅस्टिकचे अंगरखे घालून आत जाऊन आली. विषारी नाही एवढं कळलंय, पण मग आहे काय ते कुणाला सांगता येईना. तुझ्या घराच्या पूजेचं आमंत्रण आलं होतं ना मला, त्याच्या कोपऱ्याला असंच काहीतरी फासलेलं होतं. म्हणून म्हटलं, तुलाच विचारावं."

मला हसू आवरेना. "मार्लीन, ते हळदकुंकू आहे. शुभ कागदाला लावतात. त्यानं कुणी मरत नाही."

"मरत नाही ना? मग ये आणि हेच शपथेवर सांग. इथं दोन्हीकडचे वकील एकमेकांची गचांडी धरायचे बाकी आहेत."

ही गोष्ट पेन्सिल्व्हेनियातली, आणि आता चांगलीच जुनी झाली. राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होऊन काही दिवस उलटले होते, पण देशाला राष्ट्राध्यक्ष मिळाला नव्हता. बाकीच्या राज्यांचा निकाल लागून गेला होता. घोडं अडलं होतं आमच्या राज्यापाशी, आणि राज्यात अडलं होतं आमच्यासारख्या चार-दोन काउंट्यांपाशी. आमच्या गावाच्या एका अंगाला बंद पडलेला पोलादाचा कारखाना, दुसऱ्या अंगाला गाईंचे गोठे आणि मध्ये नवं कॉलेज. तिघांची तोंडं तीन दिशांना. त्यामुळे गाव कधी या पक्षाकडे झुकायचं, कधी त्या. एरवी ज्या गावाचं नाव शेजारच्या राज्यातल्या माणसाला ठाऊक नसायचं, तिथं त्या आठवड्यात जगभरच्या टीव्हीच्या गाड्या उभ्या होत्या. मोठमोठे वकील माझ्या दुकानात येऊन घसा बसल्याच्या गोळ्या घेत होते. मला तर सगळं स्वप्नवत वाटत होतं.

आणि हे सगळं ज्या एका माणसाला पूर्ण पटलं होतं, उमगलं होतं, ती म्हणजे माझी सासू.

वत्सला उंबरजे. बार्शीजवळच्या एका गावातून आलेल्या. सासरे गेल्यावर कायमच्या आमच्याकडे आल्या, असं म्हणायला हवं. त्याआधी दोघं वर्षाचे काही महिने आमच्याकडे, काही महिने नणंदेकडे कॅलिफोर्नियात असायचे. सासरे असतानाच त्यांनी नागरिकत्वाची परीक्षा दिली होती. म्हणजे सासऱ्यांनी दिली आणि यांनाही द्यायला लावली. त्यात सासरे नापास झाले आणि आई पास. ही गोष्ट त्या कुणाला सांगायच्या नाहीत, पण कुणी सांगितली तर थांबवायच्याही नाहीत.

त्या वर्षी उन्हाळ्यापासून आमच्या दाराची घंटा थांबली नव्हती. मत मागायला रोज कुणीतरी उभं. एका पक्षाचं गेलं की दुसऱ्याचं. आई सगळ्यांना सारख्याच प्रेमानं आत घ्यायच्या आणि शेंगांची चटणी खायला घालायच्या. कडक भाकरी त्यांना चावेना, म्हणून मक्याच्या चिप्सबरोबर. एकदा एक कॉलेजातली मुलगी आली, हॅना नावाची. तिनं दारात बूट काढले. आईंना तेवढ्यानंच जिंकलं.

"विचार तिला, कुठली आहे," आई मला म्हणाल्या.

हॅना कॅलिफोर्नियाची निघाली. विमानानं आली होती, स्वतःच्या पैशानं.

"एवढ्या लांबून? तिच्या गावात मतं न्हाईत का?"

मी विचारलं. हॅना हसली. म्हणाली, "आजी, आमच्या राज्यात कोण येणार हे आधीच ठरलेलं असतं. एका मतानं जिंका नाहीतर तीस लाखांनी, राज्याच्या वाट्याचं सगळं वजन एकाच्याच पारड्यात पडतं. मी त्या तीस लाखांतली एक जास्तीची. माझ्याकडे कोण बघणार? तुमच्या राज्याचं मात्र काही सांगता येत नाही. म्हणून सगळे तुमच्या दारात."

मी मराठीत सांगितलं. आईंनी चटणीच्या बरणीचं झाकण लावलं.

"म्हणजे आमच्या ग्रामपंचायतीसारखंच की," त्या म्हणाल्या. "वरची आळी एकाची, खालची आळी दुसऱ्याची. तिकडं कोण कशाला चहा प्यायला जाईल? पुढारी सगळे आमच्या मधल्या आळीत. आमचं काय ठरलेलं नसायचं. आमच्या आळीनं मान वळवली की सरपंच बदलायचा."

हॅनाला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "अगदी बरोबर. तुम्ही आता देशाच्या मधल्या आळीत राहता."

ती गेल्यावर आई शेंगदाणे भाजायला लागल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "मधली आळी खरी. पण तिथंसुद्धा मी कधी मान वळवली न्हाई गं."

मग त्यांनी सांगितलं. लग्न होऊन आल्यावर पहिलीच निवडणूक. नवं लुगडं नेसून, सासूबरोबर शाळेत गेल्या. टेबलामागचा माणूस म्हणाला, बाई, तुमचं मत होऊन गेलंय. कुणीतरी आधीच येऊन टाकून गेलं होतं. आजूबाजूचे हसले. बाबा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, चला, काम झालं, उन्हातान्हात उभं राहायला नको. त्यानंतर दर वेळी कशावर शिक्का मारायचा ते घरून ठरून यायचं. पुढं मशीन आलं, तेव्हा बाबा शाळेच्या फाटकापर्यंत सोबत येऊन सांगायचे, वरून तिसरं बटण.

"वाईट न्हवते गं ते," आई म्हणाल्या. "पण एकदासुद्धा विचारलं न्हाई, वत्सला, तुला कोण बरा वाटतो?"

शेंगदाण्यांना डाग पडायला लागले होते. त्यांनी गॅस बंद केला.

म्हणून टपालाची मतपत्रिका घरी आली तेव्हा आई दोन दिवस तिच्याभोवती फिरत होत्या. कंबर दुखायची, थंडीत रांगेत उभं राहणं जमणार नव्हतं. मी आणि निरंजन, म्हणजे माझा नवरा, केंद्रावर जाऊन मत देणार होतो, आईंचं तेवढं टपालानं. पाकिटं दोन होती. आतलं साधं, बाहेरचं सहीचं.

"आतलं कशाला?" आईंनी विचारलं.

"बाहेरच्यावर तुमची सही. ते आधी उघडून बाजूला काढतात. मग आतली सगळी पाकिटं एकत्र करून मिसळतात. मत कुणाचं ते कुणाला कळू नये म्हणून. आतल्यावर नाव नाही, सही नाही, काही लिहायचं नाही."

"लिहायचं न्हाई," आई म्हणाल्या. "बरं."

त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना कचेरीबाहेरच्या पेटीशी घेऊन गेले. पाकीट त्यांनी स्वतःच्या हातानं टाकलं, मग फटीत वाकून बघितलं, नीट पडलं का. आणि निवडणूक झाल्यापासून रोज मी कामावरून आले की एकच प्रश्न: "माझं मोजलं का?"

तर मार्लीनचा फोन आल्यावर मी दुकान सहायकावर सोपवलं आणि वाटेत घरी थांबले. आईंना सगळा प्रकार सांगितला. मला वाटलं, हसतील. त्या हसल्या नाहीत.

"कुणाचं आहे ते?" त्यांनी विचारलं.

"ते कुणालाच माहीत नाही. सहीचं पाकीट आधीच वेगळं झालंय. आतल्यावर अशी खूण असली की जिच्यावरून मत देणाऱ्याची ओळख पटेल, तर ते मत बाद, असा इथला कायदा आहे."

"बाद म्हणजे? मोजणारच न्हाईत?"

"मोजणार नाहीत. तेच ठरवायला बोलावलंय मला."

आईंनी स्वेटर चढवला. "थांब. मी पण येते. मोजायलेत कसं ते बघू दे तरी एकदा."

मोजणी चालली होती ती जनावरांच्या वार्षिक जत्रेच्या हॉलमध्ये. शेणाचा आणि वाळल्या गवताचा वास भिंतींत मुरलेला. त्या वासात काचेमागे लांबच लांब टेबलं, टेबलांवर पाकिटांच्या चळती, आणि दोरीच्या अलीकडे कोट घातलेल्या वकिलांची आणि कॅमेऱ्यांची गर्दी. बाहेर पोलिसांच्या गाड्या. साऱ्या जगाचे डोळे ज्या खोलीकडे लागले होते, ती ही. तिथं मला हळदकुंकवावर बोलायचं होतं.

निवडणूक मंडळाचे तीन सदस्य समोर बसले होते. मधले अध्यक्ष हॉफसाहेब. दुधाचा धंदा मुलावर सोपवून बसलेले, जाड भुवयांचे म्हातारे. तेही माझे गिऱ्हाईक. मार्लीननं मला खुर्ची दिली, उजवा हात वर करायला लावला. आई पहिल्या रांगेत जाऊन बसल्या होत्या, मांडीवर पर्स घेऊन.

मग ते पाकीट आणलं. पारदर्शक पिशवीत घातलेलं. कॅमेऱ्याखाली ठेवल्यावर मागच्या पडद्यावर ते केवढं तरी मोठं दिसायला लागलं. डाव्या कोपऱ्यात हळदीचं ओलं बोट वाळलेलं आणि त्याच्यावर कुंकवाचं. हळद जरा पसरलेली, कुंकू मात्र नेमकं मधोमध. पलीकडं त्या हॉलभर पसरलेल्या पांढऱ्या चळतींत तेवढाच रंग.

मी आईंकडे पाहिलं. त्या पडद्याकडे बघत होत्या, बाजारात दुसऱ्याच्या पिशवीकडे बघावं तशा.

"हे काय आहे?" हॉफसाहेबांनी विचारलं.

"खालचं हळद, वरचं कुंकू."

"कशासाठी?"

"शुभ म्हणून. लग्नाची पत्रिका, मुलाच्या परीक्षेचा अर्ज, असा महत्त्वाचा कागद घरातून बाहेर पडायचा असला की कोपऱ्याला लावतात. ज्या कामाला चाललाय ते नीट पार पडावं म्हणून."

"कुठल्या पक्षाची ही खूण आहे का?"

"नाही. ही पक्षाच्या फार आधीपासूनची आहे."

मागं कुणीतरी हसलं. हॉफसाहेबांनी मान डोलावली. तेवढ्यात एका पक्षाचा उंच वकील उठला. वॉशिंग्टनहून आलेला. आदल्या दिवशीच त्यानं माझ्याकडून खोकल्याच्या गोळ्या नेल्या होत्या, आणि त्याचा घसा अजून बरा नव्हता.

"बाई, हे पाकीट कुठल्या मतदान केंद्राच्या गठ्ठ्यातलं आहे हे आम्हाला माहीत आहे," तो म्हणाला. "त्या केंद्राच्या यादीत भारतीय घरं दोनच. एक थॉमस. एक उंबरजे. तुमचं आडनाव?"

"उंबरजे."

हॉलमधली खसखस थांबली. दुसऱ्या पक्षाची वकील, एक चष्मेवाली बाई, ताडकन उठली आणि हरकत घेतली. गंमत अशी की तिला खात्री होती, या पाकिटातलं मत तिच्या पक्षाचं. आणि उंच वकिलालाही तीच खात्री होती. म्हणून एक ते वाचवायला बघत होती आणि दुसरा बुडवायला. आत काय आहे हे त्या दोघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

"थॉमस कुटुंब हे लावेल का?" त्यानं विचारलं.

"ते केरळचे ख्रिस्ती आहेत. नाही लावणार."

"मग उरलं तुमचं घर. तुम्ही शपथ घेतली आहे. तुमच्या घरात हे कुणी लावलं?"

हॉफसाहेब म्हणाले, "उत्तर द्यायचं की नाही ते तुमच्यावर आहे, बाई. सक्ती नाही."

सक्ती नव्हती. पण मी गप्प बसले असते तर गप्प बसणंच उत्तर ठरलं असतं. मी आणि निरंजन केंद्रावर जाऊन मत देऊन आलो होतो. आमच्या घरातून टपालानं मत गेलं होतं ते एकच. आईंचं. ज्यासाठी त्यांनी सगळा जन्म वाट बघितली, ते. माझ्या एका वाक्यानं ते केराच्या टोपलीत जाणार होतं.

आणि मग मला एकदम आठवलं, असं होऊच शकत नाही.

तीन वर्षं झाली होती बाबांना जाऊन. या तीन वर्षांत आईंनी कुंकवाच्या करंड्याला हात लावलेला मी पाहिला नव्हता. नवी गाडी आली तेव्हा पूजेचं ताट त्यांनी तयार केलं, पण हळदकुंकू वाहायला मला हाक मारली. नणंदेच्या मुलीच्या हळदीला सगळ्या पुढं गेल्या आणि आई मागं भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मी एकदा म्हटलं होतं, आई, इथं कोण बघतंय? तर म्हणाल्या, बघायला कशाला लागतंय? मार्लीनला गेलेल्या आमंत्रणाला त्यांनीच बोट लावलं होतं, पण तेव्हा बाबा होते.

माझा जीव भांड्यात पडला. मी सरळ बसले.

"आमच्या घरातून टपालानं एकच मत गेलं. माझ्या सासूचं," मी म्हणाले. "पण हे तिनं लावलेलं नाही. ती विधवा आहे. आमच्याकडे नवरा गेल्यावर बाई कुंकवाला हात लावत नाही. स्वतःच्या कपाळाला नाही आणि कागदालाही नाही. तीन वर्षं मी हे रोज पाहते आहे. हे तिचं असणं शक्य नाही."

मी हे इंग्रजीत बोलले. आपल्या भाषेत जे वर्षानुवर्षं चालून गेलेलं असतं, ते परक्या भाषेत, मायक्रोफोनमधून, एवढ्या लोकांसमोर म्हटल्यावर माझं मलाच कसंसं झालं. सगळ्यांच्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या. उंच वकिलानंही वळून पाहिलं. आईंचं कपाळ कोरं होतं. एका कॅमेरावाल्या मुलीच्या चेहऱ्यावर कणव आली. आई पर्सची चेन उघडत होत्या आणि लावत होत्या. इंग्रजी त्यांना बोलता यायचं नाही, पण कळायचं बरंचसं.

"मग हे कुणाचं आहे?" वकिलानं विचारलं. त्याचा आवाज थोडा उतरला होता.

"मला खरंच माहीत नाही."

"बोटाचा ठसा आहे त्यावर. त्यावरून ओळख पटेल."

चष्मेवाली म्हणाली, "मग या हॉलमधली सगळीच पाकिटं बाद करा. प्रत्येकाला कुणाचं तरी बोट लागलेलंच आहे."

यावर हॉफसाहेबसुद्धा हसले. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मला ते थांबणं अजून आठवतं. बाहेर एवढा मोठा देश खोळंबला होता. बाजारपेठा, फौजा, दूरदूरच्या देशांतले राजवाडे, सगळे या राज्याच्या निकालाकडे डोळे लावून होते. आणि इथं गोठ्याच्या वासात हा म्हातारा गवळी कुणा एका अनोळखी माणसाच्या हळदीच्या बोटासाठी थांबला होता. घाई करत नव्हता. कुणाचंही असो ते मत, मी मनात म्हटलं, त्याला एवढा मान तरी मिळाला.

"या खोलीत या खुणेबद्दल सगळ्यात जास्त या बाईंना कळतं," ते शेवटी म्हणाले. "आणि ते मत कुणाचं हे त्यांनाही सांगता येत नाही. मग खुणेनं ओळख उघड केली, असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? माझं म्हणणं, मोजा."

डावीकडच्या सदस्यानं मान हलवली, नाही. उजवीकडच्या बाईंनी हात वर केला. दोनास एक. मार्लीननं पाकीट पिशवीतून काढलं, इतर पाकिटांच्या ढिगात घातलं, ढीग दोन्ही हातांनी ढवळला, आणि मग एकेक उघडून आतल्या घडीच्या मतपत्रिका बाहेर काढून मशीनकडे पाठवल्या. क्षणभरानं कुठली मतपत्रिका कुठल्या पाकिटातली हे देवालाही सांगता आलं नसतं.

आई उभ्या राहिल्या होत्या. मशीनमधून कागद खरखरत जायला लागले तशा त्या पदर सावरून काचेजवळ गेल्या आणि शेवटचा कागद जाईपर्यंत तिथून हलल्या नाहीत. मीच जाऊन त्यांचा हात धरला. हात गार पडला होता.

बाहेर स्वच्छ ऊन पडलं होतं. टीव्हीवाले मागं लागले, त्यांना टाळून आम्ही गाडीत बसलो. मी किल्ली लावली.

"उल्का," आई म्हणाल्या, "ते कुंकवाचं पाकीट. त्यातलं मत मोजलं ना आता? आता कुणाला परत काढता न्हाई ना यायचं?"

"नाही, आई. मिसळून गेलं. कुणाला काही करता येणार नाही."

"नक्की?"

"नक्की."

"मग सांगायला हरकत न्हाई. माझं होतं."

माझा हात किल्लीवरच राहिला.

"तुम्ही तर हात लावत नाही," मी म्हणाले.

"न्हाई लावत. माझ्या करंड्याचं झाकण तीन वर्षं उघडलं न्हवतं. कुंकवाचा गोळा झालेला, चमच्यानं उकरावा लागला." आई समोरच्या काचेतून बाहेर बघत होत्या. "आधी तुलाच हाक मारणार होते, ये, लाव म्हणून. दारापर्यंत आले पण. मग म्हटलं, मत माझं आणि कुंकू दुसरीच्या हाताचं, हे काय बरं न्हाई. बाहेरच्या पाकिटाला लावलं असतं तर पोस्टातली माणसं पुसून टाकतील, म्हणून आतल्याला लावलं. लिहू नको म्हणालीस, लिहिलं न्हाई."

"आणि मी तिथं शपथेवर काय सांगून बसले."

"खोटं कुठं सांगितलंस? तुला ठाऊक होतं ते सांगितलंस."

"तुम्ही समोरच बसला होता, आई. एका शब्दानं..."

"बोलले असते तर बाद झालं असतं. जलमात एकदा माझं मत माझं म्हणून टाकलं. ते मीच तोंड उघडून घालवू?"

मला रडू आलं, आणि ते नुसतं वाईट वाटल्याचं नव्हतं. मी या बाईबरोबर एका घरात राहत होते, तिच्या हातचं जेवत होते, तिच्या गोळ्या मोजून देत होते, आणि तिला मी ओळखत नव्हते. मी इतकी थक्क झाले होते की माफी कशी मागावी तेही कळेना.

"सगळ्यांदेखत म्हणाले मी," मी कसंबसं म्हटलं, "की विधवा बाई कुंकवाला हात लावत नाही. तुमच्या तोंडावर. मला म्हणायला नको होतं तसं."

"अगं, म्हणालीस म्हणून तर वाचलं." आईंनी पट्टा ओढून लावला आणि पर्स मांडीवर नीट ठेवली. "एवढे वकील, एवढे पोलीस, तो एवढा शहाणा म्हातारा, आणि माझी सख्खी सून. म्हातारी स्वतः झाकण उघडेल असं एकाच्या तरी डोक्यात आलं का?"

उत्तर त्यांना माहीत होतं.

"चल आता," त्या म्हणाल्या. "गाडी काढ."